वाचणाऱ्याचे डोळे पाहणारा कायदा

जालन्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारे दोन मित्र आहेत असं समजा. त्यातल्या एकाने तयारीचं जाडजूड पुस्तक विकत आणलं, पानन् पान मोबाइलवर स्कॅन केलं, ओसीआर लावून त्यातला मजकूर उचलला आणि तयार झालेली फाईल टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकून दिली. हा उघड उघड कॉपीराइटचा भंग झाला. लेखक-प्रकाशकाने तक्रार केली तर ती रास्तच म्हणावी लागेल. आता तीच फाईल त्याने त्याच रात्री शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मित्राला पाठवली. हा मित्र अंध आहे आणि त्याचा फोन त्याला मजकूर वाचून दाखवतो. हे पाठवणं मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे. प्रकाशकाची परवानगी लागत नाही, अर्ज लागत नाही, रॉयल्टी लागत नाही, कुणाला कळवावंही लागत नाही.

फाईल तीच, पाठवणारा तोच, पुस्तकही तेच. फरक एवढाच की वाचणाऱ्याला छापील अक्षर दिसतं की नाही. बहुतेक कायदे काय केलं आणि कुणी केलं एवढंच विचारतात. हा कायदा कुणासाठी केलं हेही विचारतो आणि त्या उत्तरावर सगळा निकाल फिरवतो. मला याचं नवल वाटत आलंय. त्याहून नवल याचं की ही सवलत देणारं कलम २०१२ पासून लागू आहे आणि ज्यांच्या कामाचं आहे त्यांच्यातल्या कितीतरी जणांना, त्यांच्या शिक्षकांना, ग्रंथपालांना त्याचा पत्ता नाही. पुस्तक स्कॅन करून देताना माणसं अजून चोरी केल्यासारखी इकडेतिकडे बघतात.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ म्हणजे कशाकशाने भंग होत नाही याची लांबलचक यादी. परीक्षण लिहिताना उतारा देणं, वर्गात शिकवताना मजकूर वापरणं, न्यायालयाच्या कामासाठी प्रत काढणं वगैरे वगैरे. ही यादी वाढत वाढत इतकी वाढली की इंग्रजी वर्णमाला झेडपाशी संपली आणि पुढच्या नोंदींना झेडए, झेडबी अशी जोडअक्षरं द्यावी लागली. आपलं कलम हे त्यातलं ५२(१)(झेडबी). त्याचा मथितार्थ असा: कोणतीही साहित्यकृती किंवा कलाकृती अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा कोणत्याही रूपात आणता येईल. ती तशी बदलता येईल, तिच्या प्रती काढता येतील, त्या वाटताही येतील. हे काम कोणतीही व्यक्ती करू शकते, जर ते अपंग माणसाच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी असेल. अपंगांसाठी काम करणारी संस्थाही करू शकते. अटी मोजक्याच आहेत. नफा कमवायचा नाही, फार तर तयार करण्याचा खर्च घ्यायचा. संस्थेने या प्रती अपंग व्यक्तींच्याच वापरात राहतील आणि बाजारात फिरणार नाहीत याची वाजवी काळजी घ्यायची.

यातलं ‘कोणतंही’ रूप आणि ‘कोणतीही’ व्यक्ती, हे दोन्ही शब्द भांडून मिळवलेले आहेत.

२०१० च्या एप्रिलमध्ये राज्यसभेत दुरुस्ती विधेयक आलं तेव्हा मसुदा बराच कंजूष होता. त्यात सूट होती ती फक्त खास अपंगांसाठीच बनवलेल्या रूपाला, म्हणजे व्यवहारात ब्रेलला आणि तशाच एखाद-दुसऱ्या प्रकाराला. बोलती फाईल, मोठ्या टायपातली प्रत, संगणकावर वाचता येणारा साधा मजकूर यातलं काहीच बसत नव्हतं, कारण या गोष्टी डोळस माणसालाही वापरता येतात. अशा रूपांसाठी संस्थांनी कॉपीराइट बोर्डाकडे परवाना मागत बसावं अशी योजना होती.

सहानुभूती असलेल्या पण विषय माहीत नसलेल्या माणसाने लिहिलेला मसुदा असाच असतो. अंध म्हटलं की ब्रेल, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात काय असतं ते पाहायला जालन्याहून चांगली जागा नाही. मराठवाड्यात डोळ्यांचं दुखणं आणि जालना यांची सांगड पक्की आहे ती श्री गणपती नेत्रालयामुळे. महिको ही बियाणं कंपनी जालन्यात उभी करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारातून आलेल्या या रुग्णालयात खेड्यापाड्यांतून माणसं येतात. मोतीबिंदू असला तर तो काढता येतो आणि नजर परत येते. काचबिंदूने दृष्टीची नस मेली असेल तर गेलेली नजर परत येत नाही, पुढची तेवढी वाचवता येते. मधुमेहाने पडदा खराब झाला तरी बऱ्याचदा तीच गत. आता पंचावन्नाव्या वर्षी ज्याची नजर गेली तो निवृत्तीला आलेला शिक्षक बोटांनी टिंबं चाचपायला कधी शिकणार? बोटांचा तो हळवेपणा उतारवयात कमावणं अवघड असतं. ज्याला मोठं अक्षर डोळ्यांशी धरून दिसतं, ज्याला अक्षरं दिसतात पण मेंदूत उलटीसुलटी होतात, ज्याचे हातच पान उलटू शकत नाहीत, या सगळ्यांना ब्रेल निरुपयोगी आहे आणि छापील पुस्तकही.

हे सांगायला देशभर ‘राइट टू रीड’ ही मोहीम उभी राहिली, २००९ पासून. डेझी फोरम ऑफ इंडिया, बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र आणि चेन्नईचा तरुण वकील राहुल चेरियन ही त्यातली ठळक नावं. चेरियनने कायद्याची भाषा घासूनपुसून दिली. संसदेच्या स्थायी समितीने म्हणणं ऐकलं, ‘खास रूप’ जाऊन ‘वापरता येईल असं कोणतंही रूप’ आलं, आणि नुसत्या संस्थांच्या ऐवजी ‘कोणतीही व्यक्ती’सुद्धा आली. १७ मे २०१२ रोजी राज्यसभेने आणि २२ मे रोजी लोकसभेने विधेयक मंजूर केलं. त्या दिवसांतल्या बातम्या आठवून बघा. जावेद अख्तरांचं भाषण आठवेल, गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा वाद आठवेल. झेडबी कुणालाच आठवणार नाही. २१ जून २०१२ पासून कायदा लागू झाला. राहुल चेरियन त्यानंतर वर्षभरही जगला नाही, २०१३ च्या फेब्रुवारीत तो गेला.

ब्रेल निरुपयोगी म्हटलं ते वर सांगितलेल्या मंडळींपुरतं. ज्यांना ती येते त्यांच्यासाठी ती किती अजब वस्तू आहे हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. लुई ब्रेल या मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, सहा टिंबांची ही लिपी बेतली. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. कुठली टिंबं उठवायची आणि कुठली नाही यावरून ६३ खुणा होतात. भारतातल्या सगळ्या भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. म्हणजे मराठी क, कानडी क आणि बंगाली क बोटाला सारखेच लागतात. ‘जालना’ लिहायचं तर पाच चौकटी: ज म्हणजे २-४-५, आ म्हणजे ३-४-५, ल म्हणजे १-२-३, न म्हणजे १-३-४-५ आणि पुन्हा आ. काना असा वेगळा प्रकारच नाही. स्वर अक्षरामागे सरळ उभा करायचा. छपाईत ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी काढतो आणि उच्चार मात्र नंतर करतो. ब्रेलमध्ये ती मुकाट्याने क च्या मागेच येते, उच्चारात येते तशी. जोडाक्षरही सहसा नाही. ‘पुस्तक’ मधला स् लिहायचा तर आधी चौथं टिंब एकटं उठवायचं, मग स. त्या एकट्या टिंबाचा अर्थ, पुढच्या अक्षराचा पाय मोडलेला आहे. पाटीवर खिळ्यासारख्या टोच्याने लिहिताना हे सगळं उजवीकडून डावीकडे आणि आरशात दिसावं तसं उलटं टोचायचं असतं, कारण टिंबं कागदाच्या पलीकडच्या बाजूला उठतात. सहा-सात वर्षांची पोरं हे करतात.

या लिपीत मराठीतून पाक्षिक निघतं. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ सुरू केलं, दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेचं. थोरात स्वतः डोळस, पेशाने पत्रकार आणि नाटकवाले. अंध कलाकारांना घेऊन नाटकं बसवताना त्यांना कळलं की या मंडळींना जगातल्या घडामोडी वाचायला हाताशी काही नाही. अंक टपालाने जातो, आणि त्याच्या टपालाचाही एक किस्साच आहे. आपल्या टपाल खात्यात अंध साहित्याचं पाकीट हा वेगळा प्रकार आहे. सात किलोपर्यंतच्या अशा पाकिटाला तिकीट लागत नाही. ब्रेलचं एक पान हजारेक चौकटींचं. छापील दोनशे पानांची कादंबरी ब्रेलमध्ये आली की कागदाचा गठ्ठा होतो, तेव्हा ही सवलत दयेपेक्षा वजनामुळे दिलेली आहे असंच म्हणायला हवं.

आता पुन्हा कॉपीराइटकडे. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. हा हिशेब मराठी पुस्तकांना लावला की झेडबीची सवलत नसती तर काय झालं असतं ते नीट दिसतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. आपल्या शेजारच्या परभणीचे बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०१४ पासून मोकळं. पु. ल. देशपांडे गेले २००० मध्ये, म्हणजे त्यांची पुस्तकं मोकळी होणार १ जानेवारी २०६१ रोजी. आज वीस वर्षांचा असलेला अंध वाचक तोवर पंचावन्न वर्षांच्या आसपास पोचेल. (पु. ल. स्वतःच्या आवाजात एवढं मागे ठेवून गेलेत की त्यांच्या बाबतीत तरी अंध वाचकाचं फारसं अडणार नाही. इतर लेखकांचं तसं नाही.) २०१२ आधी वाट होती ती प्रकाशकाला पत्र लिहिण्याची. पत्राला नकार येई, किंवा उत्तरच येत नसे. प्रकाशन बंद पडलेलं, वारसांचा पत्ता नाही, अशा पुस्तकांच्या बाबतीत तर विचारायचं कुणाला हाच प्रश्न.

उलट टोकाला आहेत जालना जिल्ह्याचेच सुपुत्र. घनसावंगी तालुक्यातल्या जांब इथे जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधावर कुणाचाच हक्क नाही. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांहून अधिक ओव्या, सगळ्या मोकळ्या. परंपरा सांगते की शिवथरघळीत रामदास सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले. म्हणजे हा ग्रंथ मुळात आवाज होता, अक्षर नंतर झाला. आज कुणी तो रेकॉर्ड केला तर तो मूळ रूपातच परत जातो. पण दासबोध समजून घ्यायला जो सार्थ ग्रंथ लागतो, विसाव्या शतकातल्या अभ्यासकाचा अर्थ आणि टिपा ज्यात असतात, त्या अर्थावर आणि टिपांवर कॉपीराइट असू शकतो. ओवी मोकळी आणि ओवीचा अर्थ कुलूपबंद, अशी ही गंमत. झेडबी ते कुलूप अंध वाचकापुरतं उघडतं.

कुलूप हा शब्द नुसता अलंकार नाही. ई-बुकला खरोखर डिजिटल कुलूप असतं आणि ते कधी कधी असं असतं की फोनला मजकूर मोठ्याने वाचता येत नाही. २०१२ च्या त्याच दुरुस्तीने कलम ६५ए आणलं आणि अशी कुलपं फोडणं गुन्हा ठरवला, दोन वर्षांपर्यंत कैद. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं की काय असं वाटावं. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की कायद्याने ज्याची मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप काढलं तर तो गुन्हा नाही. अंध वाचकासाठी प्रत करणं मनाईत बसत नाही, तेव्हा कुलूप काढणंही बसत नाही. दोन कलमं जोडून वाचली की रस्ता सापडतो. वकिलाला सापडतो, असं म्हणू या.

भारताने हे घरात करून ठेवलं आणि वर्षभराने जग त्याच वाटेने आलं. वर्ल्ड ब्लाइंड युनियन या संघटनेचा अंदाज होता की जगात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी जेमतेम १ ते ७ टक्के पुस्तकं अंधांना वाचता येण्याजोग्या रूपात येतात. या अवस्थेला नाव पडलं पुस्तकांचा दुष्काळ. मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुष्काळात धान्य कुठेतरी असतंच, ते पोचत नाही. पुस्तकांचंही तसंच होतं. कॉपीराइटची सवलत प्रत्येक देशाच्या हद्दीपुरती असल्यामुळे इंग्लंडात तयार केलेली बोलती प्रत ऑस्ट्रेलियाला पाठवता येत नसे. हॅरी पॉटरचा दुसरा भाग इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या संस्थांनी ब्रेलमध्ये पाच वेळा आणि डेझी या बोलत्या पुस्तकांच्या रूपात आठ वेळा वेगवेगळा तयार केला. तेच पुस्तक, तीच भाषा. तेवढ्या मेहनतीत आणखी डझनभर पुस्तकं झाली असती.

२००९ मध्ये ब्राझील, इक्वेडोर आणि पॅराग्वे या तीन देशांनी जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे कराराचा मसुदा ठेवला. मोठमोठे प्रकाशक आणि हॉलिवूडही बिथरले. अंधांना पुस्तक मिळण्याला त्यांची ना नव्हती, भीती होती ती आज यांना सूट दिली तर उद्या आणखी कोण रांगेत उभं राहील याची. कॉपीराइटचे आंतरराष्ट्रीय करार तोवर नेहमी मालकाचे हक्क वाढवण्यासाठी होत आले होते. वाचकाचा हक्क मध्यभागी ठेवणारा करार झालाच नव्हता. २०१० मध्ये गायक स्टीव्ही वंडर जिनिव्हात येऊन सभेपुढे बोलला. करार झाला तर येऊन गाईन असा शब्दही त्याने दिला. हा माणूस जन्मापासूनचाच म्हणावा असा अंध, आणि रे कुर्झवाइलने १९७६ मध्ये छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र काढलं तेव्हा पहिला ग्राहक हाच होता. ते यंत्र टेबलाएवढं होतं. आज तेच काम खिशातला फोन फुकट करतो. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात करार झाला, आणि स्टीव्ही वंडर शब्दाला जागून गायला आला.

कराराला मंजुरी देणारा जगातला पहिला देश भारत, २४ जून २०१४ रोजी. वीस देश पुरे झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला. अमेरिका २०१९ मध्ये आली. यामुळे न्यू जर्सीत मुलाकडे राहायला गेलेल्या, नजर गेलेल्या आजोबांना इथल्या संस्थेने तयार केलेली मराठी कादंबरी तिथल्या संस्थेमार्फत कायदेशीरपणे मिळू शकते. काही बाबतींत आपला कायदा करारापेक्षाही मोकळा आहे. बाजारात आधीच बोलती प्रत विकत मिळत असेल तर सवलत नको, अशी अट घालायची मुभा करार देशांना देतो. भारताने ती अट घातलेली नाही. करार छापील मजकूर न वाचता येणाऱ्यांपुरता आहे, आपलं कलम सगळ्या अपंगांसाठी आणि सगळ्या प्रकारच्या कृतींसाठी आहे, सिनेमासुद्धा त्यात आला.

मग घोडं अडतं कुठे? भारत सरकारने २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. नाव नोंदवा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र द्या आणि पुस्तक उतरवून घ्या. परदेशी संग्रहांशी जोडल्यामुळे पुस्तकं लाखांत आहेत, पण त्यात इंग्रजीचा वाटा अर्थातच मोठा. मराठी वाचकाचं घोडं एका भलत्याच ठिकाणी अडतं, आणि ते कॉपीराइटपेक्षा जास्त छळतं. ते म्हणजे फॉन्ट.

मराठी प्रकाशन व्यवसाय संगणकावर गेला तेव्हा प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणारं युनिकोड रुळलेलं नव्हतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टांनी काम भागवलं. त्यांची युक्ती अशी की संगणकाच्या पोटात साठवायचं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह आणि पडद्यावर त्या जागी दाखवायचं मराठी अक्षर. डोळ्याला पान शुद्ध मराठी दिसतं. मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र डोळ्याने वाचत नाही, तो पोटातलं वाचतो. अशा पानावर तो नेऊन ठेवला की ऐकू येतं ते असं: डॉलर, कंस, कॅपिटल एम, टक्के, बी, अवतरणचिन्ह. मराठीतली उत्तम कादंबरी असते ती. प्रकाशकाने औदार्याने स्वतःहून मूळ फाईल दिली तरी ती आधी युनिकोडमध्ये बदलावी लागते, आणि बदलताना रफार कुठेतरी सटकतो, जोडाक्षर फुटतं. त्यापेक्षा छापील पान स्कॅन करून ओसीआरने ओळखून घेणं पुष्कळदा बरं पडतं. ओसीआरही ‘घ’ ला ‘ध’ समजतो आणि ‘भ’ ला ‘म’. मग एका डोळस माणसाने बसून फाईल तपासायची. मराठी पुस्तक अंध वाचकापर्यंत पोचायचं तर आज खरी टंचाई या बसणाऱ्या माणसाची आहे.

आणि इथे झेडबीच्या शेपटाला लावलेलं स्पष्टीकरण वाचायला हवं, जे मला सगळ्यात भारी वाटतं. ‘संस्था’ म्हणजे कोण ते त्यात सांगितलंय. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या अपंगसेवी संस्था आहेतच, सरकारी अनुदानावरच्या संस्था आहेत, आणि त्याच ओळीत आहेत शासनाने मान्यता दिलेली शिक्षणसंस्था, ग्रंथालय किंवा अभिलेखागार. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांची ही वाचनालयं आपल्या जालना जिल्ह्यातही भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंत पसरली आहेत. एखाद्या खोलीत दोन कपाटं, एक टेबल, वर्तमानपत्रं आणि तुटपुंज्या मानधनावरचा ग्रंथपाल. मी ते स्पष्टीकरण जसं वाचतो त्याप्रमाणे यातलं प्रत्येक वाचनालय आपल्या कपाटातलं कोणतंही पुस्तक अंध सभासदासाठी बोलतं करू शकतं, मोठ्या टायपात छापू शकतं, युनिकोड फाईल करून देऊ शकतं. दिल्ली-मुंबईच्या केंद्राला जी मुभा, तीच अंबड तालुक्यातल्या ड वर्गाच्या वाचनालयाला. शाळा-महाविद्यालयांनाही तीच.

सामान फारसं लागत नाही. स्कॅन करणारा फोन ग्रंथपालाच्या खिशात असतोच. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केला, तो संगणकावर फुकट चढतो आणि मराठी वाचतो. आवाज यांत्रिक असतो, पण सरावलेला माणूस तो अशा वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला एक शब्द लागत नाही. ज्यांना तो आवाज नको त्यांच्यासाठी गावातली चांगलं वाचणारी बाई किंवा कॉलेजची पोरगी फोनवर प्रकरणागणिक रेकॉर्ड करू शकते. काळजी म्हणून एक वही ठेवावी: कोणतं पुस्तक, कुणाला दिलं, प्रमाणपत्र पाहिलं का. पैसे घेतलेच तर पेनड्राइव्हचे घ्यावेत.

कोणतं पुस्तक आधी करायचं हे मात्र कमिटीने बसून ठरवू नये. अंधांसाठी म्हटलं की आपण हटकून थोरांची चरित्रं आणि बोधपर निवडून ठेवतो, जणू नजर गेल्यावर माणसाची आवडही सुधारते. सभासदाने बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा मागितली तर अर्नाळकर द्यावेत. त्यांनी हजाराहून अधिक लिहून ठेवल्यात आणि त्यांचा कॉपीराइट २०५६ अखेरपर्यंत चालू आहे, तेव्हा काम पुष्कळ वर्षं पुरेल.